परत आलेले गुण

गावातल्या पारावर किंवा वाड्याच्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडला, की त्याभोवती पाहणाऱ्यांचे कोंडाळे जमावयाचे, हे दृश्य महाराष्ट्रात पूर्वी नित्याचे होते. खेळणारे दोघे आणि पाहणारे दहा! पाहणाऱ्यांपैकी एखाद्याला राहवत नसे. तो हळूच पुटपुटे, "अरे, घोडा काढ की!" तोच पटाजवळ बसलेले एखादे वडीलधारे गृहस्थ त्याला दटावीत, "बाहेरून खेळी सांगायची नाही. ज्याचा डाव त्याने खेळावा." हा नियम कोणी पुस्तकात वाचून शिकलेले नसे, तरी तो सर्वांना ठाऊक असे. त्यामागील विचार अगदी साधा होता. बुद्धिबळ हा दोन बुद्धींचा सामना आहे. त्यात तिसरी बुद्धी शिरली, की हार कोणाची आणि जीत कोणाची, हेच कळेनासे होते.

आज हा पट आंतरजालावर मांडला जातो. रत्नागिरीतील एखादी मुलगी घरात बसून ब्राझीलमधील एखाद्या विद्यार्थ्याशी डाव खेळू शकते. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. एकाने मोबाइलच्या पडद्यावर प्यादे सरकवले, की क्षणार्धात ते हजारो कोसांवरच्या दुसऱ्या पडद्यावर सरकते. विज्ञानाने घडविलेली ही किमया मोठी आनंददायक आहे. ज्याच्या गावात खेळावयास जोडीदार नाही, त्यालाही आता जगभर जोडीदार मिळतात. परंतु या नव्या पटाजवळ दटावणारे वडीलधारे गृहस्थ नाहीत. समोरचा खेळाडू एकटाच बसला आहे, की त्याच्या कानाशी कोणी पुटपुटत आहे, हे पाहणार कोण?

आणि आज पुटपुटणारा मनुष्य नसून यंत्र असते. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे 'डीप ब्लू' नावाच्या संगणकाने त्या वेळचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले. त्या वेळी हे काम करावयास कपाटाएवढे अवजड यंत्र लागले होते. आज तसे कपाट लागत नाही. 'स्टॉकफिश'सारखी बुद्धिबळ खेळणारी आज्ञावली कोणालाही विनामूल्य मिळते आणि साध्या मोबाइलवर चालूनही ती जगज्जेत्याहून सरस खेळते. डाव संपल्यावर आपल्या चुका शोधण्यासाठी अशी आज्ञावली म्हणजे उत्तम शिक्षक होय. पण डाव चालू असताना चोरून तिचा सल्ला घेतला, तर तोच शिक्षक लबाडीचे साधन बनतो.

या लबाडीने नेमके काय नासते आणि नासलेले कसे दुरुस्त करतात, हे समजण्यासाठी बुद्धिबळातील गुणांकनाची ओळख करून घ्यावयास हवी.

खेळाडूचे सामर्थ्य दाखविणाऱ्या अंकाला गुणांकन किंवा रेटिंग असे म्हणतात. त्याची आज सर्वांत प्रसिद्ध असलेली पद्धत अर्पाद एलो यांनी तयार केली. त्यांचा जन्म १९०३ मध्ये हंगेरीत झाला. बालपणीच ते अमेरिकेस गेले व पुढे मिल्वॉकी शहरातील मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते स्वतःही चांगले बुद्धिबळपटू होते. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये त्यांची पद्धत स्वीकारली आणि 'फिडे' या जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये अंगीकारली. आपल्या पद्धतीच्या मर्यादा एलो यांना पुरत्या ठाऊक होत्या. पाण्यावर वरखाली होणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्याने हेलकावणाऱ्या दोरीला बांधलेल्या गजकाठीने मोजावी, तसे हे मोजमाप आहे, अशा अर्थाची उपमा त्यांनी दिली होती. मनुष्याचा खेळ रोज सारखा नसतो. म्हणून एका डावावरून निर्णय न घेता अनेक डावांतून हळूहळू सत्याजवळ जावयाचे, हे या पद्धतीचे मर्म होय.

तिचा हिशेब असा असतो. दोन खेळाडूंच्या गुणांकनातील अंतरावरून कोणी किती यश मिळवावे, याची अपेक्षा आधी ठरते. विजयाला एक आणि बरोबरीला अर्धा असे मोजले, तर समान गुणांकनाच्या दोघांनी शंभर डावांत प्रत्येकी ५० मिळवावेत. अंतर २०० गुणांचे असेल, तर बलवान खेळाडूने सुमारे ७६ मिळवावेत. अंतर ४०० असेल, तर त्याने सुमारे ९१ मिळवावेत. मग प्रत्यक्ष निकाल या अपेक्षेशी ताडून पाहतात. अपेक्षेपेक्षा अधिक यश मिळाले, की गुण वाढतात; कमी मिळाले, की घटतात. एका डावात जास्तीत जास्त २० गुणांची उलाढाल होते असे धरले, तर समान बळाच्या सामन्यात जिंकणाऱ्याला १० गुण मिळतात व हरणाऱ्याचे १० गुण जातात. २०० गुणांनी वरचढ असलेला खेळाडू जिंकला, तर त्याला केवळ ५ गुण मिळतात; कारण त्याने जिंकावे हे अपेक्षितच होते. पण तो हरला, तर त्याचे १५ गुण जातात. म्हणजे अशी एक हार भरून काढावयास त्याला तसेच तीन विजय मिळवावे लागतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. गुणांकन हे बक्षीस नव्हे आणि पैशासारखी साठविण्याची वस्तूही नव्हे. ते माप आहे. वाण्याच्या दुकानातील तराजूचे काम जसे खरे वजन सांगण्याचे, तसे गुणांकनाचे काम खेळाडूचे खरे बळ सांगण्याचे. या मापामुळेच नवशिक्याला नवशिका आणि कसलेल्याला कसलेला जोडीदार मिळतो व दोघांच्याही खेळात गोडी राहते.

आता या तराजूत लबाड खेळाडू काय करतो, ते पाहू. समजा, एका प्रामाणिक खेळाडूचे गुणांकन १६०० आहे. त्याच्यासमोर १२०० गुणांकनाचा एक अनोळखी खेळाडू येतो. हा अनोळखी मनुष्य प्रत्येक खेळी यंत्राला विचारून खेळतो. प्रामाणिक खेळाडू आपले सारे कसब पणाला लावतो, तरीही हरतो. जगज्जेत्यालाही जे यंत्र आवरत नाही, ते त्याला कोठून आवरणार? पण हिशेब करणाऱ्या व्यवस्थेला हे ठाऊक नसते. तिच्या दृष्टीने १६००चा खेळाडू १२००च्या खेळाडूकडून हरला, ही मोठीच नामुष्की असते. म्हणून त्याचे सुमारे १८ गुण कापले जातात. एकाच आठवड्यात अशी गाठ दोनदा पडली, तर त्याचे गुणांकन पार खाली येते.

ही हानी त्या एकट्याचीच नसते. ज्याचे गुण अन्यायाने घटले, तो आता आपल्या खऱ्या बळाहून खालच्या पायरीवर उभा असतो. त्याला तेथले जोडीदार मिळतात. ते बिचारे १५६०चा म्हणून ज्याच्याशी खेळतात, तो वस्तुतः १६००चा असतो. तेही हरतात आणि त्यांचे गुण वाजवीपेक्षा थोडे अधिक कापले जातात. एका दुकानात एक खोटे वजन शिरले, की त्या वजनाने तोललेला प्रत्येक जिन्नस चुकतो. आपल्याकडे यालाच 'मापात पाप' म्हणतात.

म्हणूनच आंतरजालावर बुद्धिबळ खेळविणाऱ्या संस्था दोन कामे करतात. पहिले काम लबाडी शोधून काढण्याचे आणि दुसरे काम तिच्यामुळे गेलेले गुण परत देण्याचे.

लबाडी शोधणे हे अवघड काम आहे. दूरच्या खोलीत कोण काय करीत आहे, हे दिसत नाही. परंतु डावाची प्रत्येक खेळी आणि तिला लागलेला वेळ यांची नोंद मागे राहते. ती नोंद पुष्कळ बोलते. मनुष्य सोप्या खेळीला एक-दोन क्षण घेतो व अवघड खेळीपुढे बराच वेळ थबकतो. यंत्राला विचारून खेळणारा पुष्कळदा सोपी आणि अवघड अशा दोन्ही खेळ्यांना सारखाच वेळ लावतो. मनुष्य कितीही निष्णात असला, तरी अधूनमधून चुकतो. यंत्राच्या पसंतीची खेळी डावामागून डाव सतत सापडत राहणे हे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक असलेले केनेथ रीगन यांनी या विषयाचा संख्याशास्त्रीय अभ्यास केला आहे. अमुक बळाच्या खेळाडूने यंत्राशी किती जुळणाऱ्या खेळ्या केल्या, तर ते स्वाभाविक समजावे आणि किती केल्या, तर ते अशक्यप्राय समजावे, याचे गणित त्यांनी मांडले. अर्थात एका सुंदर डावावरून कोणालाही लबाड ठरविता येत नाही. नवशिक्याच्या हातूनही एखादा डाव अप्रतिम वठतो. म्हणून अनेक डाव तपासावे लागतात. यंत्राने वेचलेला संशय पुष्कळदा जाणत्या माणसांनी पुन्हा पारखून पाहावा लागतो.

लबाडी सिद्ध झाली, की तो खेळाडू बाद ठरतो व मग गुण परत देण्याची पाळी येते. 'लिचेस' या संस्थेची रीत येथे उदाहरणादाखल घेता येईल. फ्रान्समधील थिबो ड्युप्लेसी या तरुण संगणकतज्ज्ञाने २०१० मध्ये ती सुरू केली. देणग्या आणि स्वयंसेवक यांच्या बळावर ती चालते व खेळणाऱ्याकडून एक पैसाही घेत नाही. तेथे एखादा लबाड खेळाडू पकडला गेला, की त्याच्याशी अलीकडे गुणांकनाचे डाव खेळून जे हरले होते, त्यांना एक निरोप येतो. नियम मोडणाऱ्या खेळाडूकडून आपण हरला होता. सबब आपले इतके गुण परत केले आहेत, असा त्याचा आशय असतो. खेळाडूला अर्ज करावा लागत नाही की तक्रारीचा पाठपुरावा करावा लागत नाही. 'चेस डॉट कॉम' ही दुसरी मोठी संस्थाही अशा प्रकारे गुण परत देते.

हे गुण येतात कोठून, असा प्रश्न एखाद्या चौकस विद्यार्थ्याला पडेल. सोप्या हिशेबात पाहिले, तर हरणाऱ्याचे गेलेले गुण जिंकणाऱ्याच्या पदरात पडतात. म्हणजे सर्वांची मिळून जी गंगाजळी असते, ती तेवढीच राहते. लबाड खेळाडू बाद झाला, की त्याने लुबाडलेले गुणही त्याच्याबरोबर खेळाबाहेर जातात. ते परत केले नाहीत, तर गंगाजळी तेवढ्याने आटते आणि असे वारंवार घडल्यास प्रामाणिक खेळाडूंचे गुण विनाकारण खाली सरकत राहतात. तेव्हा गुण परत देणे म्हणजे कोणावर उपकार करणे नव्हे. बिघडलेला तराजू तो पुन्हा समतोल करणे होय.

मग हे गुण केवळ अलीकडच्या डावांचेच का देतात? वर्षापूर्वीच्या डावाचे का देत नाहीत? यामागेही विचार आहे. समजा, १५०० बळाच्या एका मुलीचे १० गुण लबाडीने गेले व ती १४९०वर आली. तिचे खरे बळ कमी झालेले नाही. ती नेहमीसारखी खेळत राहिली, तर अपेक्षेपेक्षा किंचित अधिक डाव जिंकते आणि दोन-तीन महिन्यांत आपल्या जागी परत येते. एलो यांच्या पद्धतीचा हा मोठाच गुण आहे. ती स्वतःची चूक कालांतराने स्वतःच सुधारते. अशी ती १५००वर पोहोचल्यानंतर कोणी तिला ते १० गुण दिले, तर तिचे गुणांकन १५१० होईल आणि मापात पुन्हा खोट येईल. या वेळी खोट तिच्या फायद्याची असेल, एवढाच फरक! म्हणून न्याय करावयाचा तर तो लवकर करावा लागतो.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. त्या मुलीच्या चुकलेल्या गुणांकनामुळे ज्यांचे गुण किंचित चुकले, त्यांचे काय? त्यांच्याशी पुढे जे खेळले, त्यांचे काय? पाण्यात खडा टाकला, की तरंग दूरवर जातात, तशी ही साखळी लांबत जाते. परंतु तरंग जसजसा दूर जातो, तसतसा तो विरतो. तिचे गुणांकन १० गुणांनी चुकलेले असताना तिच्याशी समान बळाचा कोणी खेळला, तर त्याच्या हिशेबात एका गुणाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी फरक पडतो. त्याच्याशी पुढे खेळणाऱ्याच्या बाबतीत तर तो फरक जवळजवळ नाहीसाच होतो. एवढ्यासाठी असंख्य डावांचे हिशेब पुन्हा मांडीत बसणे व्यवहार्य नसते. म्हणून ज्याला प्रत्यक्ष घाव बसला, त्याचा घाव भरून काढावयाचा व दूरचे तरंग काळावर सोडावयाचे, असा मार्ग स्वीकारला जातो. सर्व अन्यायांची पै-पैची भरपाई होत नाही. तरी जेवढी होऊ शकते, तेवढी टाळू नये.

या व्यवस्थेला एक मोठे पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे निरपराध्यावर आळ न येऊ देण्याचे. गुण लबाडीने जातात, तसे संशयानेही जातात. २००६ मध्ये रशियातील एलिस्ता या शहरी व्लादिमिर क्रामनिक आणि व्हेसेलिन टोपालोव्ह यांच्यात जगज्जेतेपदाचा सामना झाला. क्रामनिक वारंवार आपल्या प्रसाधनगृहात जातो, ही संशयास्पद गोष्ट आहे, अशी तक्रार टोपालोव्हच्या बाजूने करण्यात आली. लबाडीचा पुरावा काहीच नव्हता. तरीही क्रामनिकचे स्वतंत्र प्रसाधनगृह बंद करण्यात आले. याचा निषेध म्हणून तो पाचव्या डावाला बसला नाही आणि तो डाव टोपालोव्हला देण्यात आला. तो गुण क्रामनिकला परत मिळाला नाही. पुढे बारा डाव संपले, तेव्हा दोघांचे ६-६ असे समान गुण झाले. त्यानंतरच्या जलद डावांत अडीच विरुद्ध दीड गुणांनी जिंकून क्रामनिक जगज्जेता ठरला. एका संशयाने सारा सामना कसा उधळू शकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

आंतरजालावर खेळणाऱ्या प्रत्येकाने यातून बोध घ्यावयास हवा. हरल्यावर "समोरचा लबाडच असणार!" असे म्हणणे फार सोपे असते. त्यामुळे मनाला क्षणभर बरे वाटते. पण आपण कोठे चुकलो, हे शोधण्याची वाट बंद होते. संशय आलाच, तर तो डाव संस्थेकडे तपासणीसाठी पाठवावा आणि आपण पुढच्या डावाला बसावे. चारचौघांत कोणाला लबाड म्हणू नये. निकाल देण्याचे काम पुरावा पाहणाऱ्यांचे आहे.

गुण परत आले, तरी सर्वच काही परत येत नाही, हेही खरे. लिचेसवर गुण परत मिळाल्यानंतरही त्या डावाच्या नोंदीत हार ती हारच राहते. त्या डावात घालविलेली संध्याकाळ परत येत नाही. "आपल्याला बुद्धिबळ जमतच नाही," असे वाटून एखादे मूल त्या रात्री खिन्न होऊन झोपी गेलेले असते. ती खिन्नताही कोणाला मागे घेता येत नाही. पण काही दिवसांनी तो छोटासा निरोप येतो आणि त्याला कळते, की त्या दिवशी ते कच्चे पडले नव्हते. सामनाच खरा नव्हता. परत आलेल्या १८ गुणांपेक्षा हे कळणे अधिक मोलाचे असते. कोणीतरी तो डाव पाहिला, खरेखोटे निवडले आणि नोंद दुरुस्त केली, एवढ्यानेही खेळावरचा विश्वास टिकून राहतो.

आणि ज्याने लबाडी केली, त्याच्या हाती काय उरते? यंत्राच्या जोरावर त्याचा अंक वाढला. पण तो अंक यंत्राच्या बळाचा होता, त्याच्या बळाचा नव्हता. जे डाव तो खेळला असे दिसते, त्यांतला एकही त्याने खेळलेला नाही. हरणारा निदान काही शिकला. जिंकणारा होता तेथेच राहिला.

पारावरच्या पटाजवळ "बाहेरून खेळी सांगायची नाही" असे दटावणारे वडीलधारे गृहस्थ आजच्या पडद्याजवळ नाहीत. त्यांचे काम काही अंशी हिशेब तपासणाऱ्या संस्था करतात. परंतु बंद खोलीत, मोबाइल हाती असताना, त्यांचा आवाज ऐकू यावा असे वाटत असेल, तर त्यांना प्रत्येक खेळाडूने आपल्याच मनात बसवावयास हवे.